कुळूरच्या पुलापर्यंत

॥ श्री ॥

हिनकल, मैसूर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. प्रणेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. थंडी पडल्यापासून तुझ्या श्रीवत्स भावोजींचा गुडघा कुरकुरतोय, तरी हेब्बाळच्या कंपनीची बस त्यांनी अजून एकदाही चुकवलेली नाही. पावनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. घरात मराठी बोल म्हटलं की तीन शब्द मराठीत बोलते आणि चौथ्याला कन्नडात उडी मारते. परवा मला म्हणाली, "अक्काची मगळु नाही मी, टीचरची मुलगी आहे, सारखं काय तपासतेस?" शाळेत या वर्षीही वेळापत्रक माझ्याच गळ्यात आहे. बावीस वर्षं झाली, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही म्हणे. मला आता वेळापत्रक या शब्दाची किळस येते, पण ते शाळेत सांगून काय उपयोग?

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "अक्का, लवकर सांग, बोटीवर रेंज जाईल" म्हणतोस आणि मी लवकर सांगते. लवकर सांगण्यानेच माझ्या हातून जे व्हायचं ते झालं. मुंबईच्या ऑफिसात दिलेलं पत्र आठ-दहा दिवसांत बोटीवर पोचतं असं तूच म्हणाला होतास, म्हणून उद्या हे तिकडे पाठवते.

दिवाळीत तुझी मेल आली. बावीस जानेवारीपासून रजा मंजूर झाली, रथसप्तमीला अण्णांचं वर्षश्राद्ध स्वतःच्या हाताने करणार, काकांच्या संकर्षणला सांग की या वेळी त्याने बसायचं नाही, असं लिहिलंस. पुढे लिहिलंस, "दर महिन्याच्या शुद्ध सप्तमीला मी रात्री जेवत नाही. किचनमध्ये चारशे माणसांचं वाढतो आणि उपाशी झोपतो. त्यांनी मला टाकलं, मी त्यांना टाकणार नाही." मेल वाचून मी शाळेत रजा टाकली आणि दिवसभर अंथरुणात पडून राहिले. श्रीवत्सांना सांगितलं, डोकं दुखतंय.

प्रणेश, रजा बदलून घे. पंधरा जानेवारीच्या आत तुला इथे पोचायला हवं. अण्णांची तिथी रथसप्तमी नाही. पुष्य बहुळ द्वादशी आहे, म्हणजे पौष वद्य द्वादशी. दर महिन्याला तू ज्या दिवशी उपाशी राहिलास तो दिवस चुकीचा होता, आणि तो तुला मी दिला होता.

द्वादशी म्हणजे या जानेवारीतला कोणता दिवस, ते बोटीवर तुला कुणी सांगणार नाही. मी सांगते. सव्वीस जानेवारी. मंगळूर.

आता तू हे पत्र खाली ठेवशील. पुन्हा उचल, कारण पुढचं कुणाला तरी सांगायला हवं आणि तुझ्याशिवाय ते ऐकायचा हक्क कुणाला नाही.

आई गेली तेव्हा तू ब्राझीलच्या जवळपास कुठेतरी होतास. उतरायला पंधरा दिवस लागले आणि तू दारात उभा राहिलास तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. अण्णा म्हणाले, "आता कशाला आलास?" तू म्हणालास, "बरं, जातो." दोघांचं तेवढ्यावर सहा वर्षं भागलं. मधे मी निरोप पोचवत राहिले. अण्णांना सांगायचे, प्रणेशने विचारलंय. तुला सांगायचे, अण्णांनी विचारलंय. खरं तर तुम्ही दोघंही काही विचारत नव्हता. खोटं बोलायची सवय मला तिथून लागली असावी, आणि तेव्हा त्यात मला काही वाईट दिसलं नाही.

मग तुझा मेसेज आला की बोट पहिल्यांदा मंगळूरला लागणार आहे, सव्वीस तारखेला, आणि तुला नाश्त्याची पाळी संपल्यावर नऊपासून अडीचपर्यंत बाहेर सोडतील. मी अण्णांना जेवताना सांगितलं.  दोन दिवसांनी मी भांडी पुसत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि विचारलं, "जहाजाचं दार नक्की किती वाजता उघडतं?"

मला किती आनंद झाला ते लिहायची आता लाज वाटते. साडेपाच तास. मी आलेखाचा कागद घेतला, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि तुझं-अण्णांचं वेळापत्रक आखलं. नऊ वीसला पणंबूरला बंदराचं गेट. नऊ वीस ते नऊ चाळीस बोलणं. सहा वर्षांच्या अबोल्याला मी वीस मिनिटं दिली होती, कारण त्याहून जास्त वेळ तुम्ही गप्प बसाल अशी भीती होती. सव्वादहाला कद्रीचं देऊळ. साडेअकराला आम्ही उतरणार होतो त्या मठाच्या खोलीत विसावा, तुझ्यासाठी गोज्जवलक्की, ते चिंचेचे पोहे, आणि चटणीपुडी. साडेबाराला फोटो. पावणेदोनला परत. शाळेत कुठला तास रिकामा राहिला तर मला चैन पडत नाही, तशी त्या कागदावरही मी एक जागा रिकामी ठेवली नाही. कुणी आजारी पडेल म्हणून दहा मिनिटंसुद्धा ठेवली नाहीत.

पंचांग पाहिलं तेव्हा कळलं, पंचवीसला एकादशी. प्रवासाचा दिवस उपासाचा आणि भेटीची सकाळ पारण्याची. तुला ठाऊकच आहे, अण्णांची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. पण दोन वर्षांपूर्वी साखर वाढल्यावर डॉक्टरांनी दम भरला, तेव्हापासून ते एकादशीला दूध-केळं घेत होते, तोंड वाकडं करून का होईना. मी तेच धरून चालले. श्रीवत्स पावनीच्या परीक्षेमुळे थांबले, म्हणून भाड्याची गाडी, ड्रायव्हर आणि आम्ही दोघं निघालो. मडिकेरीला गाडी थांबली तेव्हा मी अण्णांच्या हातात दूध आणि दोन केळी दिली आणि हात धुवायला गेले. परत आले तर पेला रिकामा, साली पिशवीत. मी खूश. ते दूध आणि केळी ड्रायव्हरने खाल्ली होती. अण्णांनी त्याला बजावलं होतं, "मगळिगे हेळबेडप्पा," मुलीला सांगू नकोस. हे त्याने मला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सांगितलं, रडत. पुढे सुळ्ळ्याला थांबलो तिथेही तेच, रात्री मठातही तेच. म्हणजे माणूस आदल्या दिवशीपासून कोरडा होता, आणि मी प्रत्येक रिकाम्या पेल्याकडे पाहून समाधान मानत होते.

का केलं त्यांनी तसं, हे मला विचारू नकोस, मी अंदाजच सांगू शकते. घाट उतरताना ते म्हणाले होते, "त्याला मी दारातून परत लावलं, सहना. एका एकादशीने ते फिटायचं नाही, पण स्वल्प तरी." मी म्हटलं, "अण्णा, आता ते काही मनात आणू नका." त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. त्यात काय आहे विचारलं तर दाखवलं. सहा जानवी, प्रत्येक वेगळ्या कागदात. दर श्रावणीला स्वतःचं जानवं बदलताना ते तुझंही एक मंतरून बाजूला ठेवत आले होते. कागदावर पेन्सिलीने वर्ष लिहिलेलं. मला सहा वर्षांत त्यांनी हे कळू दिलं नव्हतं, आणि मी स्वतःला त्या घरातली सगळी खबर असलेली बाई समजत होते.

आता सकाळचं लिहिते.

साडेसातला मठात पारण्याची पहिली पंगत बसणार होती. सात वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली आणि मी अण्णांना साखरेचं इंजेक्शन दिलं. घरी रोज मीच द्यायचे. इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पाहिजे, हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. पण अण्णा पूजेला बसले ते उठेनात. पहिली पंगत गेली. मी बायकांच्या पंगतीत जेवून घेतलं, गाडी काढायला सांगितली, तुझा मेसेज आला की बोट लागली आहे. आठ पंचवीसला ते दुसऱ्या पंगतीला बसले. पानावर हादग्याच्या पाल्याची भाजी, आवळ्याची चटणी, भात, सारू. हात थरथरत होता. मला वाटलं, तुझ्या भेटीने कासावीस झालेत. घाम येत होता. मला वाटलं, मंगळूरची हवा.

आठ चाळीसला मी दाराशी जाऊन म्हणाले, "अण्णा, गाडी लागली. नऊ वीसला गेटवर असायला हवं. उरलेलं गाडीत खाऊया."

उरलेलं गाडीत खाऊया. त्यांच्या आयुष्यात त्यांनी पानावरून उठून पुन्हा काही तोंडात टाकलं नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. द्वादशीचं पारणं कुणी गाडीत करतं का? मला ठाऊक होतं आणि तरी मी म्हणाले, कारण कागदावर आठ पंचेचाळीस लिहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार घास झाले असतील. मग त्यांनी तळहातावर पाणी घेतलं, उत्तरापोशन केलं आणि उठले. ते पाणी प्यायलं की जेवण संपलं, त्यानंतर देवाने सांगितलं तरी ते पान शिवले नसते. भात तसाच राहिला होता. वाढणाऱ्या भटजींनी मला विचारलं, "इष्टेना?" एवढंच का? मी म्हणाले, होय, घाई आहे.

कुळूरच्या पुलावर त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. आधी वाटलं झोप लागली. मग हाक मारली तर डोळे उघडे होते आणि तोंडातून शब्द नीट येत नव्हते. समोर बंदराच्या क्रेन दिसत होत्या, प्रणेश. तुझी बोटही कदाचित दिसत असेल, मी पाहिलं नाही. ड्रायव्हरने पुलापलीकडे गाडी वळवली आणि आम्ही शहराकडे परत फिरलो. सव्वीस जानेवारी म्हणून शाळांच्या मिरवणुका निघाल्या होत्या आणि आम्ही मुलांच्या रांगांमागून हॉर्न वाजवत गेलो.

हॉस्पिटलात साखर पाहिली ती अठ्ठावीस, सत्तरच्या खाली जाऊ नये ती. सलाईन लावल्यावर ते शुद्धीवर आले, मला ओळखलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तुझा पहिला फोन आला आणि मी म्हणाले, थोडा उशीर होतोय. ते खोटं नव्हतं. अकराच्या सुमाराला हृदयाने दगा दिला. पुढचे तुझे दोन फोन मी वाजू दिले. बारा वाजता डॉक्टर बाहेर आल्या, तरुण मुलगी होती, मला म्हणाली, "हत्तिर यारादरू इद्दरे करेसि." जवळ कुणी असेल तर बोलावून घ्या. त्याच वेळी हातातला फोन वाजला. तुझाच.

गेटपासून हॉस्पिटल अकरा किलोमीटर होतं. तुझ्याकडे अडीच वाजेपर्यंतचा वेळ होता. मी फक्त हॉस्पिटलचं नाव सांगायचं होतं.

मी म्हणाले, "अण्णा कुळूरच्या पुलापर्यंत आले आणि नको म्हणाले. गाडी परत फिरवायला लावली. आम्ही घाट चढतोय."

तू एकदाही शंका घेतली नाहीस. कसा घेणार, त्यांनी एकदा तुला दारातून परत लावलंच होतं. तू म्हणालास, "सरी अक्का, ठीक आहे. त्यांना सांग, मीही परत फिरलो." आणि फोन ठेवलास. नंतर तू कळवलंस की तू तरीही दोन वाजेपर्यंत गेटसमोरच्या चहाच्या गाडीपाशी उभा होतास, कारण पुलावरून परत गेलेला माणूस पुन्हा फिरू शकतो असं तुला वाटलं. अण्णा एक वाजून पाच मिनिटांनी गेले.

संकर्षण मैसुराहून आला तेव्हा त्याला मी सांगितलं की प्रणेशला कळवलं तर तो बोट सोडेल, करार मोडेल, पुन्हा कुणी त्याला घेणार नाही. त्याला ते पटलं, त्याने सगळं क्रियाकर्म मुकाट्याने केलं आणि तोंड बंद ठेवलं. त्याच्यावर रागावू नकोस. श्रीवत्सांनाही मी तेच सांगितलं आहे. दहा महिने मी स्वतःलाही तेच सांगत होते.

पण ते खरं नाही. फोन वाजला तेव्हा तुझी नोकरी माझ्या मनातसुद्धा नव्हती. मनात एवढंच होतं की हा येईल, धावत येईल आणि पहिला प्रश्न विचारेल: अक्का, इंजेक्शन कुणी दिलं? आणि दुसरा विचारेल: ते जेवले का? तू किचनमधला माणूस, हे तू विचारल्याशिवाय राहिला नसतास. अण्णांच्या शेजारी उभं राहून तुला उत्तर द्यायचं धैर्य मला नव्हतं. म्हणून मी तुझा बाप तुला दाखवला नाही.

दहाव्या दिवशी रथसप्तमी होती. त्या दिवशी तुला फोन केला, आज पहाटे गेले, घरीच, झोपेत, दहनही झालं.  तू म्हणालास, "रथसप्तमी. चांगला दिवस निवडला." तो दिवस त्यांनी निवडला नव्हता. त्या दिवशी मला तोंड उघडायचं बळ आलं, एवढंच. आणि ते आलं तेही खोटं बोलण्यापुरतं.

तू वर्षभर बोलतोस, लिहितोस, त्या सगळ्याच्या तळाशी तो पूल असतो, ते मला कळतं. तीन किलोमीटरवर येऊन बाप परत गेला, हे तू धरून बसला आहेस. ते मी तुझ्या हातात दिलं आणि तू ते जपून ठेवलंस. मी गप्प राहिले असते तर रथसप्तमीला तू संकल्प केला असतास, चुकीच्या तिथीला, आणि मी मागे बसून ऐकलं असतं. भलत्या दिवशी बोलावलं तर पितर येतात की नाही, मला माहीत नाही. अण्णांना विचारलं असतं तर म्हणाले असते, येत नाहीत. पुन्हा एकदा मी त्यांना वाटेतूनच परत फिरवलं असतं.

आता एवढंच राहिलं. शुद्धीवर आल्यापासून अकरापर्यंत अण्णांनी मला एकच गोष्ट विचारली. "आला का तो?" नीट बोलता येत नव्हतं, तरी विचारत होते. मी दर वेळी म्हणाले, "वाटेत आहे, अण्णा. येतोय." मग ते दाराकडे पाहत राहायचे. नर्सने त्यांची मान सरळ केली की पुन्हा दाराकडे वळवायचे. तुला सांगितलं ते येत नाहीत आणि त्यांना सांगितलं तू येतोयस. दोघंही माझ्या शब्दावर विसंबून होतात.

म्हणजे ते तुझी वाट पाहत गेले, प्रणेश. रागावून गेले नाहीत. हे तुझं आहे, मी दहा महिने दाबून ठेवलं होतं.

गुरुवार, पंधरा जानेवारी. भटजी नऊला येतात, तू आदल्या दिवशीच ये. जानव्यांची पिशवी देवघरात खालच्या फळीवर ठेवली आहे, घरात तिला कुणी हात लावलेला नाही. मी घरात नको असेन तर संकर्षणला तसं कळव, मी दोन दिवस बन्नूरला वनजामावशीकडे जाऊन राहीन. ती का आलीस विचारणार नाही.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागितली तर तू आधी मोठ्या बहिणीला देशील आणि मग रात्रभर जागशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझ्याशी बोलू नकोस, पण तिथी चुकवू नकोस.

त्या दिवशी तुझा फोन घेतलेली,
सहना